मुलाला वाट सापडते का, हे कसं तपासायचं? शिक्षक आणि पालकांसाठी

मुलाला वाचता येतं का, वजाबाकीत हातचा घेता येतो का, हे शाळेत वर्षातून अनेकदा तपासलं जातं. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी त्याला आपलं आपण जाता येतं का, हे मात्र सहसा कुणी पाहत नाही. ते लक्षात येतं चौथीनंतर, शाळा बदलली की. नवी इमारत, दोन जिने, एकाच रंगाचे सगळे वर्ग, आणि मधली सुट्टी संपल्यावर हे मूल भलत्याच वर्गाच्या दारात उभं. मग 'वेंधळा आहे', 'हिचं लक्षच नसतं' असे शेरे सुरू होतात. त्यातल्या काही मुलांचं लक्ष उत्तम असतं. त्यांना वाट लक्षात ठेवणं जड जातं, आणि ते वेळेवर कळलं तर बरंच काही करता येतं.

मी विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबर काम करते. इथे दिलेली पद्धत साधारण पाच ते बारा वर्षांच्या कोणत्याही मुलासाठी वापरता येते. सामान फार लागत नाही: जुना चार्ट पेपर, चिकटपट्टी, नऊ काड्यापेट्या आणि पुठ्ठा, मोजायची टेप, कंपासपेटीतला कोनमापक, फोटो काढायला मोबाईल आणि नोंदीसाठी कागद. एक गोष्ट मात्र आधीच पक्की करून घ्या. वाट सापडते की नाही हे मुलाला चालवूनच कळतं. टेबलाशी बसवून, पुस्तकातला भुलभुलैया सोडवायला देऊन ते कळत नाही.

नेमकं काय तपासायचं आहे

१९७५ मध्ये सीगल आणि व्हाइट या अभ्यासकांनी वाटेच्या ज्ञानाचे तीन थर मांडले. पहिला थर खुणांचा: हे मारुतीचं देऊळ, ही पिठाची गिरणी. दुसरा वाटेचा: देवळापाशी वळायचं, गिरणी आली की समोर शाळा. तिसरा सगळ्या परिसराचा: गिरणी आणि माझं घर यांच्यामध्ये फक्त एक शेत आहे, म्हणजे देवळाला वळसा घालायची गरज नाही. हे थर एकामागून एकच येतात असं आता कुणी ठामपणे म्हणत नाही, काही मुलं तिसऱ्याकडे फार लवकर पोचतात. पण तपासणीची आखणी करायला ही तीन खात्यांची विभागणी अजूनही सगळ्यात सोयीची आहे.

चालवण्यावर माझा एवढा भर का, तेही सांगते. जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी सापडल्या, की उंदीर ठराविक जागी आला की ठराविक पेशी जागी होते. २००५ मध्ये माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाने शेजारच्याच भागात जागेची जाळी आखणाऱ्या पेशी शोधल्या. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. ही सगळी नोंद मोकळ्या फिरणाऱ्या उंदरांवर झाली. अंग वळतं, पावलं पडतात, समोरचं दृश्य बदलतं, तेव्हा मेंदूचं हे काम चालतं. खुर्चीवर बसलेल्या मुलाकडून ते पूर्णपणे करून घेता येत नाही.

आधी घरच्यांशी बोला

चाचणीच्या आधी आईवडिलांशी किंवा आजीशी निवांत बोलून घ्या. मला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न असा: "हा शाळेत येतो कसा?" रोज रिक्षावाले काका दारातून उचलतात आणि शाळेच्या फाटकात सोडतात, अशा मुलाने वाट कधी चाललेलीच नसते. दुसरीकडे मेंढपाळाचं किंवा ऊसतोड कामगाराचं मूल नव्या फडावर आल्यावर दोन दिवसांत विहीर, कोप्या, दुकान सगळं पाठ करतं. दोघांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे. रॉजर हार्ट यांनी अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या एका लहान गावात मुलं घरापासून किती लांब जातात याचा बारकाईने अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९७९ मध्ये आलं. मुलींना मुलांपेक्षा कमी अंतरापर्यंत जाऊ दिलं जातं, हे त्यात स्पष्ट दिसलं. आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको. तेव्हा मुलगी कमी पडली तर आधी तिला फिरायला किती मिळतं ते पाहा, मग निष्कर्ष काढा.

आणखी विचारायच्या गोष्टी: मूल वेळेआधी जन्मलं होतं का? चालायला उशीर झाला का? फिट आल्या आहेत का? चष्मा आहे का, तिरळेपणा आहे का, संध्याकाळी कमी दिसतं का? घरात वस्तूंच्या जागा लक्षात राहतात का? लग्नाला किंवा जत्रेला गेल्यावर मूल आईचा पदर सोडतच नाही का? शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण वाट हरवण्याची भीती असलेलं मूल गर्दीत असंच वागतं.

डोळे तपासलेले नसतील तर ते आधी. नजर कमी असेल तर पुढचे सगळे आकडे फसवे निघतात.

पहिली पायरी: जमिनीवरचे नऊ चौकोन

फिलिप कोर्सी यांनी १९७२ मध्ये मॉन्ट्रियलला आपल्या प्रबंधासाठी एक चाचणी वापरली. फळीवर नऊ ठोकळे. परीक्षक काही ठोकळ्यांना क्रमाने बोट लावतो आणि समोरच्याने तोच क्रम करून दाखवायचा. ती आजही जगभर वापरतात. २००८ मध्ये इटलीत लॉरा पिकार्डी आणि सहकाऱ्यांनी हीच चाचणी जमिनीवर आणली. बोटाच्या जागी पाय आले, ठोकळ्यांच्या जागी माणूस उभा राहील एवढे चौकोन.

आपण तिचं शाळेपुरतं रूप करू. मोकळ्या खोलीत किंवा व्हरांड्यात ३ मीटर रुंद आणि २.५ मीटर खोल जागा घ्या. आयताच्या रेघा मात्र काढू नका. ३० सेंटिमीटरचे नऊ चौकोन जुन्या चार्ट पेपरमधून कापा, सगळे एकाच रंगाचे, आणि चिकटपट्टीने जमिनीला लावा. तुम्ही उभे आहात त्या बाजूच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजलं, तर चौकोनांचे मध्यबिंदू असे ठेवा. पहिला आकडा उजवीकडे किती सेंटिमीटर, दुसरा पुढे किती.

१: ४५, ४०
२: १२०, ७५
३: २१५, ४५
४: २७०, ११०
५: १८०, १३०
६: ७५, १४०
७: १३०, १९५
८: २३०, २००
९: ४०, २२०

हे क्रमांक फक्त तुमच्या कागदावर. चौकोनांवर काहीही लिहायचं नाही. आकडे दिसले की मूल जागा लक्षात ठेवायचं सोडून 'तीन-सहा-सात' असं पाठ करतं, आणि मग आपण पाढ्यांची स्मरणशक्ती तपासत बसतो.

मुलाला या मांडणीच्या कडेला, जवळच्या बाजूच्या मधोमध उभं करा. त्याला सांगा: "मी काही चौकोनांवर जाऊन उभी राहीन. तू नीट बघ. मी परत आले, की तू अगदी तसंच चालून दाखव." मग शांतपणे चाला. प्रत्येक चौकोनावर दोन सेकंद थांबा, पुढच्याकडे सरळ जा. शेवटच्या चौकोनावरून बाजूने बाहेर पडा आणि मुलाच्या मागे येऊन उभ्या राहा. मागे, कारण मुलं मोठ्यांचे डोळे वाचतात. तुमची नजर पुढच्या चौकोनावर गेली की अर्धं उत्तर मिळालंच.

सुरुवात दोन चौकोनांपासून: ३-६, मग ८-१, मग ५-९. तीनपैकी दोन बरोबर आले तर तीन चौकोन: २-८-६, ७-३-१, ४-९-५. मग चार: ६-३-७-४, ५-१-८-२, ९-४-२-७. पाच चौकोनांच्या रांगा तुम्हीच करा, फक्त दोन पथ्यं पाळा. लागोपाठ शेजारचेच चौकोन घेऊ नका, आणि चालून झाल्यावर वर्तुळासारखी सुबक आकृती तयार होऊ देऊ नका, ती लक्षात ठेवायला फार सोपी जाते. तीनपैकी दोन चुकले की थांबा. ज्या लांबीच्या तीनपैकी दोन रांगा शेवटी बरोबर आल्या, ती त्याची मर्यादा.

ही मर्यादा तुमच्या वहीतला सगळ्यात कमी महत्त्वाचा आकडा आहे असं मी मानते. जास्त महत्त्वाचं आहे ते मूल चुकलं कसं. म्हणून प्रत्येक वेळी मूल खरोखर कुठून कुठे गेलं तो क्रम जसाच्या तसा लिहून घ्या, नुसती फुली मारू नका. चुका साधारण चार तऱ्हेच्या असतात. चौकोन तेच पण क्रम उलटसुलट. मधला एखादा गाळलेला. बरोबर चौकोनाच्या शेजारच्याच चौकोनावर पाय. आणि चौथी, जिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते: वाटेचा आकार बरोबर, पण सगळाच एका बाजूला फिरलेला, किंवा आरशात पाहिल्यासारखा उलटा. पहिल्या दोन चुका बहुधा क्रमाच्या आणि लक्षाच्या असतात. तिसरी अंतराच्या अंदाजाची किंवा नजरेची. चौथी सांगते, की मुलाला रस्त्याचा आकार आठवतो पण आपण स्वतः त्यात कुठे आहोत हे जुळवता येत नाही.

चुकांकडे असं पाहणं ही माझ्या मनची कल्पना नाही. फ्रान्समधले आलें बेर्तोझ आणि इटलीतल्या पिसाचे डॉक्टर यांनी 'मॅजिक कार्पेट' नावाच्या, दिवे लागणाऱ्या फरशांवर अशीच चाचणी घेतली. सेरेब्रल पाल्सी (लहानपणी मेंदूला इजा होऊन हालचालींवरचा ताबा कमी होणं) असलेल्या मुलांच्या चुकांचा नमुना पाहून ती वाट कशी लक्षात ठेवतात याचा माग त्यांनी काढला, आणि ते काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं.

त्याच चौकोनांवर, पण समोरून

मूल दोन-तीन चौकोन सहज करत असेल तर एक जोड-चाचणी घ्या. तुम्ही नेहमीसारखं चालून दाखवा. मग मुलाचा हात धरून त्याला बाहेरून अर्धा वळसा घालून समोरच्या बाजूला न्या आणि म्हणा, "मी गेले त्याच चौकोनांवर जा." काही मुलं आता 'पहिल्यांदा उजवीकडे' ही आपल्या अंगाची आठवण घेऊन चालतात आणि भलत्याच चौकोनांवर पोचतात.

लहान वयात हे स्वाभाविक आहे. लिंडा ॲक्रेडोलो यांनी १९७८ मध्ये तान्ह्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. बाळाला एका बाजूच्या खिडकीकडे पाहायची सवय लावली, मग त्याला खोलीच्या समोरच्या बाजूला नेलं. सहा महिन्यांची बाळं पूर्वीच्याच बाजूला मान वळवत राहिली. सोळा महिन्यांची बरीच बाळं खऱ्या खिडकीकडे वळली. चौकोनांचं काम अर्थातच त्याहून खूप कठीण आहे. पण आठ-नऊ वर्षांचं मूल दोन चौकोनांच्या सोप्या वाटेतही दर वेळी अंगाच्याच हिशेबाने जात असेल, तर तशी नोंद करा.

दुसरी पायरी: तेच काम टेबलावर

आता नऊ काड्यापेट्या पुठ्ठ्यावर त्याच मांडणीत चिकटवा आणि बोटाने तीच चाचणी घ्या, रांगा मात्र वेगळ्या. शेवटी आकडे तोंडी म्हणायला लावा: "पाच, दोन, आठ. म्हण बघू." तिन्हींची मर्यादा शेजारी शेजारी लिहा.

तुलना इथेच बोलते. तिन्हीकडे कमी पडणाऱ्या मुलाची अडचण लक्षाची किंवा एकूण स्मरणशक्तीची असण्याची शक्यता जास्त. आकडे चांगले, पण टेबल आणि जमीन दोन्ही कमी असेल, तर जागेची आठवण कच्ची आहे. टेबल चांगलं आणि फक्त जमीन कमी असेल, तर प्रश्न चालताना वाट धरण्याचा आहे. हे दोन प्रकार खरंच वेगळे पडू शकतात. मेंदूला इजा झालेल्या काही रुग्णांत टेबलावरची क्षमता शाबूत आणि जमिनीवरची गेलेली, तर काहींत बरोबर उलटं, असं पिकार्डी यांच्या गटाला आढळलं आहे.

मुलांनी किती चौकोनांपर्यंत जावं, याचा परदेशी तक्ता उचलून आपल्या मुलांना लावू नका. त्याच वर्गातल्या आठ-दहा मुलांची आधी चाचणी घ्या, तुमचं माप तिथेच तयार होतं.

तिसरी पायरी: शाळेतली वाट

चौकोनांची चाचणी नियंत्रणात असते, पण ती खरी वाट नव्हे. तिथे सगळं एका नजरेत दिसतं. खऱ्या वाटेत भिंती आड येतात.

मुलाला फारशी ओळखीची नसलेली सहा ते आठ वळणांची वाट आखा. शेजारची शाळा किंवा ग्रामपंचायतीची इमारत मिळाली तर उत्तम. शाळेतच घ्यायची तर मोठ्या मुलांच्या मजल्यावर. वर्गाच्या दारापासून पाण्याच्या नळांपाशी, तिथून मागच्या जिन्याने वर, प्रयोगशाळेवरून कार्यालयाकडे, असं काहीतरी. एकदा मुलाबरोबर चाला. सूचना न देता, साध्या गप्पा मारत, पण प्रत्येक वळणावर क्षणभर थांबून. परत सुरुवातीला या आणि म्हणा, "आता तू पुढे, मी मागे. मला तिथे घेऊन जा."

प्रत्येक वळणावर गुण द्या. आपणहून बरोबर गेलं: ३. थांबलं, इकडेतिकडे पाहिलं आणि बरोबर गेलं, किंवा चुकीचं वळून स्वतःच परतलं: २. "आता कुठे?" एवढं विचारल्यावर गेलं: १. दाखवावं लागलं: ०. शून्य आलं तरी मुलाला योग्य वाटेवर आणा आणि पुढे चालू ठेवा. एका वळणाची चूक पुढच्या सगळ्या वळणांना भोवू देऊ नका.

ज्याला २ मिळाले त्या मुलाकडे नीट पाहा. ते थांबून मागे वळून बघतं का? एडवर्ड कॉर्नेल आणि डोनाल्ड हेथ यांनी कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या आवारात मुलांना वाटेवर नेऊन असे अभ्यास केले, मागे वळून पाहण्याच्या सवयीसकट. जाताना दिसतं ते आणि परतताना दिसतं ते दृश्य वेगळं असतं. म्हणूनच पुढचं काम उलटं: त्याच वाटेने परत यायचं. पुढे जाताना उत्तम करणारी काही मुलं परतताना कोसळतात. त्यांच्याकडे क्रम असतो, पण तो एकाच दिशेने चालतो.

इथे मला नेहमी आढळणारी एक गोष्ट. आपल्या शाळांच्या इमारती लांबट असतात आणि दोन्ही टोकांना सारखाच जिना. लहान मूल बरोबर उलट्या टोकाला जातं, अधल्यामधल्या ठिकाणी नव्हे. हर्मर आणि स्पेल्की यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की दीड ते दोन वर्षांची मुलं छोट्या आयताकृती खोलीत गरगर फिरवल्यावर खोलीच्या आकारावरून दिशा लावतात. एक भिंत निळी असली तरी बरोबर कोपऱ्यात आणि त्याच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यात सारख्याच वेळा शोधतात. आकार आणि रंग यांची सांगड घालणं पुढे वयाबरोबर येतं. पहिलीचं मूल उलट्या जिन्याशी गेलं तर चिंता नको. पाचवीचं मूल, भिंतीवर मोठं चित्र असूनही, वारंवार तेच करत असेल तर लिहून ठेवा.

वाट संपली की मोबाईलवर आठ फोटो दाखवा, चार त्या वाटेवरचे, चार त्याच इमारतीतले पण वाटेबाहेरचे. "यातलं कुठलं कुठलं आपल्या वाटेत होतं?" मग बरोबर निवडलेले फोटो वाटेच्या क्रमाने लावायला सांगा. वाट चुकली पण फोटो ओळखले, तर खुणा पक्क्या आहेत आणि त्या वळणाशी जोडलेल्या नाहीत. या मुलांना मदत करणं तुलनेने सोपं जातं.

संपूर्ण चाचणीत 'डावीकडे-उजवीकडे' हे शब्द वापरू नका. सहा-सात वर्षांच्या अनेक मुलांना स्वतःचा डावा-उजवा पक्का नसतो, समोरच्या माणसाचा तर आणखी उशिरा कळतो. शब्द न येणं आणि वाट न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथी पायरी: न दिसणाऱ्या ठिकाणाकडे बोट

परिसराचा आराखडा डोक्यात आहे का, हे इथे कळतं. खिडक्या बंद केलेल्या खोलीत जमिनीवर कागद चिकटवा, त्याची कड भिंतीला समांतर ठेवा. मधे ठिपका. मुलाच्या हातात पट्टी द्या: "पाण्याची टाकी कुठल्या अंगाला आहे? पट्टी तिकडे रोखून धर." ठिपक्यापासून रेघ मारा. फाटक, मुख्याध्यापकांची खोली, मैदानातलं झाड, मुलाचं घर, अशी पाच-सहा ठिकाणं घ्या. नंतर उपग्रह नकाशावरून खरी दिशा काढा आणि कोनमापकाने फरक मोजा.

नुसते अंदाजपंचे बोट दाखवलं तर सरासरी चूक ९० अंशांच्या आसपास येते, कारण चूक ० ते १८० अंशांमध्ये कुठेही पडू शकते. मुलाची सरासरी ९० च्या जवळ असेल तर त्याच्या डोक्यात आराखडा नाही. ३०-४० च्या आत असेल तर तो आहे. सगळ्या रेघा सारख्याच कोनात सरकलेल्या दिसल्या, तर आराखडा आहे पण त्या बंद खोलीत स्वतःची दिशा फिरली. अशा मुलाला दार उघडून एकदा बाहेर डोकावू द्या आणि पुन्हा विचारा. बहुतेक वेळा सगळं जागेवर येतं.

ज्यांना बोट दाखवणं अवघड वाटतं त्यांना खडे, काड्यापेट्या, पानं देऊन शाळा मांडायला सांगा. वस्तू कुठल्या क्रमाने मांडल्या तेही पाहा. काही मुलं चालत्या वाटेने एकेक वस्तू ठेवत जातात, काही आधी फाटक आणि मैदान यांची चौकट मांडतात.

आपल्या खेड्यांतल्या मुलांबद्दल इथे एक सांगायलाच हवं. पिअर डासेन आणि बनारसचे रमेश मिश्रा यांनी भारत, नेपाळ आणि बाली इथल्या मुलांवर प्रदीर्घ काम केलं आणि ते २०१० मध्ये पुस्तकरूपाने आलं. वस्तूंची रांग पाहून, वळून, दुसऱ्या टेबलावर ती पुन्हा लावायला सांगितली, तर अनेक मुलं स्वतःच्या अंगाऐवजी पूर्व-पश्चिमेचा हिशेब ठेवतात. आपल्याकडेही 'उगवतीकडची खोली', 'वरल्या अंगाचं शेत' असंच घरात बोललं जातं. तेव्हा मूल "मावळतीकडे वळायचं" म्हणालं तर त्याला तोडू नका. ते तुमच्यापेक्षा पक्कं मोजतंय.

पाचवी पायरी: रस्त्यावर

ही पायरी पालकांनी करावी. रहदारी कमी असलेल्या वेळी, मूल पुढे आणि तुम्ही चार पावलं मागे. रस्ता ओलांडताना हात धरायचाच. रस्ता ओलांडण्याची सावधगिरी ही वेगळी गोष्ट आहे, ती या चाचणीत मोजायची नाही.

मूल कोणत्या खुणा धरतं ते विचारत चला: "इथे वळायचं हे तुला कशावरून कळतं?" माझ्याकडे येणाऱ्या एका सात वर्षांच्या मुलीचं उत्तर होतं, "इथे म्हैस बांधलेली असते." म्हैस रानात गेली की तिची वाट बंद. हातगाडी, उभी असलेली लाल स्कूटर, पावसाळ्यातलं डबकं, अशा हलत्या खुणा धरणारी मुलं खूप असतात. त्यांना वाट कळत नाही असं नव्हे, कोणती खूण टिकेल याची निवड कच्ची असते. गिरणी, पार, पाण्याची टाकी, एसटी स्टँड यांकडे लक्ष वळवलं, की काही आठवड्यांत फरक दिसायला लागतो.

वाट अडली तर काय, हे तपासायला मुद्दाम काही करावं लागत नाही. गणपतीत गल्लीत मांडव पडतो, पाइपलाइनसाठी रस्ता खणतात. त्या दिवशी मुलाला विचारा, "आता कसं जायचं?" मूल दुसरी गल्ली सुचवतं, आधी आलेल्या वाटेने मागे जातं, की रडू लागतं? एवढ्या एका उत्तरात तिसऱ्या थराबद्दल बरंच कळतं.

काही मुलांसाठी बदल

कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्या मुलासाठी चौकोनांची मांडणी दुप्पट मोठी करा आणि वेळ मोजूच नका. ज्या मुलाला कायम उचलून नेलं जातं ते वाटेत कधी कर्ता नसतंच. त्याने आधी काही दिवस स्वतः 'इकडे चला, तिकडे चला' असं सांगत फिरू दे, मग चाचणी. दृष्टिबाधित मुलासाठी कागदाऐवजी गोणपाटाचे तुकडे लावा, पावलांना कळतील असे, आणि त्याचा हात धरून वाट दाखवा. पण त्याचं खरं मूल्यमापन पांढऱ्या काठीचं प्रशिक्षण देणाऱ्या तज्ज्ञानेच करावं.

कुणाला पुढे पाठवायचं

आधी येत असलेली वाट अचानक यायची बंद झाली, सोबत डोकेदुखी, उलट्या, फिट किंवा चालण्यात बदल असेल, तर चाचण्या बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बाकी मुलांच्या बाबतीत एका दिवसाच्या निकालावर विसंबू नका. दोन आठवड्यांच्या अंतराने वेगळ्या वाटेवर पुन्हा पाहा. दोन्ही वेळा मूल वर्गातल्या इतरांपेक्षा बरंच मागे असेल, आणि घरचेही तेच सांगत असतील, तर पुढे पाठवा. २०१३ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांना तुमच्या नोंदी दाखवा. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र निदान व उपचार केंद्रात तपासणी होऊ शकते. गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांनाही कळवा. अकाली जन्मलेल्या मुलाचे डोळे ठीक असूनही समोरचं नीट उमगत नसेल, तर मेंदूतल्या दृष्टिमार्गाची तपासणी मुद्दाम मागा, ती सहसा राहून जाते.

बाकी सगळं व्यवस्थित, अभ्यास चांगला, आणि तरी लहानपणापासून ओळखीच्या जागेतही वाट हरवते, अशीही माणसं असतात. जुझेप्पे यारिया आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अशा एका व्यक्तीची पहिली सविस्तर नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या मेंदूला कुठे इजा झालेली नसते. अशा मुलाला 'आळशी' म्हटलेलं मी ऐकते तेव्हा मला फार वाईट वाटतं.

पालकांना निकाल सांगताना गुण सांगू नका. काय येतं ते आधी, मग कुठे अडतं, मग घरी काय करायचं: "तिला खुणा छान लक्षात राहतात. परतीची वाट अडते. म्हणून बाजारात जाताना प्रत्येक वळणावर तिला एकदा मागे वळून बघायला सांगा, आणि येताना तिला पुढे चालू द्या." एका वेळी एवढं एकच काम द्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, चौकोनांची मांडणी आणि इमारतीतली वाट दोन्ही बदलून, आणि जुना कागद समोर ठेवून चुकांची तऱ्हा बदलली का ते पाहा.